ठमाबाईचं लग्न लागलं की नाही?

ज्यांच्या घरात कुत्रं असतं त्यांच्याकडं फार तर दोन किस्से असतात. कुत्र्यानं चप्पल पळवली, कुत्रं पाहुण्याला चावलं. संपलं! आमच्या घरात कोळी आहे. कोपऱ्यात जाळं विणणारा तो नव्हे हं! तळहाताएवढा, काळाभोर, अंगभर केस असलेला, टॅरँटुला म्हणतात तो. त्यामुळं ताडकळसच्या आमच्या शाळेत मी पाऊल टाकलं की स्टाफरूममध्ये चहाच्या आधी प्रश्न येतो, "मॅडम, आज काय नवीन?"

बरं, ती काहीच करत नाही हो! दिवसभर बसून असते. किस्से होतात ते आम्हा माणसांचे. आणि खरं सांगू का, त्यातला निम्मा भाग मला स्वतःलाच अजून कळलेला नाही. जेवढा कळला तेवढा सांगते.

* * *

आम्ही पूर्णेत राहतो. घरात मी, आमचे हे आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. हे रेल्वेत सिग्नलच्या कामावर आहेत. आत्याबाई मूळच्या बोरीच्या, आणि बोरी अजून त्यांच्यातून गेलेली नाही.

लेक क्लाससाठी लातूरला गेला आणि घर एकदम मुकं झालं. हे तर आधीच कमी बोलणारे. लेक गेल्यावर जेवतानासुद्धा भिंतीकडं बघत बसायचे. मला काळजी लागली होती. मग एक दिवस परभणीहून येताना हे एक पारदर्शक डबा घेऊन आले. चेहरा इतका फुललेला, की मला वाटलं प्रमोशनचे पेढे!

"टॅरँटुला हाय," हे म्हणाले. "शफीकनं दिलाय. पाळायला."

शफीकभाई म्हणजे ह्यांचे परभणीचे मित्र. मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत असले डबेच डबे.

आत्याबाईंनी चष्मा लावून डबा बघितला आणि चौकशी सुरू केली.

"हाक मारली की येतो का?"

"न्हाई."

"घरच्या माणसाला वळखतो?"

"न्हाई."

"चोर आला तर?"

"लपून बसतो."

"अंगावरून हात तरी फिरवू देतो का?"

"न्हाई माय, हात लावायचाच न्हाई. केस उडवतो, लय खाज सुटती."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. "मंग पाळून करायचं काय?"

"बघायचं."

म्हणून आम्ही तिघंही बघायला बसलो. तो सरळ डब्यातल्या करवंटीखाली गेला आणि आठवडाभर दिसला नाही!

पुढं कळलं की तो म्हणजे ती आहे. एकदा बसली की ठम्म बसते म्हणून आत्याबाईंनी नाव ठेवलं, ठमाबाई. ह्यांना एक लांबलचक इंग्रजी नाव येतं. ते आमच्या घरात फक्त ह्यांनाच येतं.

* * *

ठमाबाई रातकिडे खाते. आता रातकिडे काही किराणा दुकानात मिळत नाहीत. म्हणून हे रातकिडेसुद्धा पाळायला लागले! एका मोठ्या टपात अंड्यांचे ट्रे उभे केले, त्यात किडे सोडले, आणि त्यांना रोज किसलेलं गाजर.

म्हणजे बघा, लग्न झाल्यापासून मी घरातले किडे मारत आले. फवारण्या काय केल्या, खडू काय ओढले! आणि आता हा माणूस ड्युटीवरून येतो, हातपाय धुतो आणि किड्यांसाठी गाजर किसतो. मला वीस वर्षांत एकदा गाजर हलवा केला नाही.

एकदा मी बाजारात गाजरं घ्यायला गेले. आमचा नेहमीचा भाजीवाला म्हणाला, "मॅडम, घरात खायला का किड्याला?"

मी चिडून विचारलं, "त्यानं काय फरक पडतो?"

"किड्याला असतील तर चांगली देतो. साहेब एकेक गाजर वास घेऊन निवडत्यात!"

* * *

एक दिवस हे ड्युटीवर असताना मी सहज डब्यात बघितलं, तर ठमाबाई उताणी. आठही पाय आभाळाकडं!

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. मग दुसऱ्याच क्षणी ह्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी आत्याबाईंना हाक मारली. त्या आल्या, बघितलं, आणि तुळशीचं पान पाण्यात बुडवून डब्यात दोन थेंब टाकले. शेजारच्या काकू डोक्यावर पदर घेऊन येऊन बसल्या. कोण गेलं हे त्यांनी विचारलंच नाही.

मी रडक्या आवाजात फोन लावला. "अहो, ठमाबाई गेल्या."

"कशी पडलीय?"

"उताणी."

"मंग हात लावू नका! ती मेली न्हाई, कात टाकायलीय. मरताना कोळी पाय पोटाशी आवळून बसत असतो."

मी फोन ठेवला आणि सांगितलं, "आडवी पडली म्हणजे जिवंत, बसली म्हणजे मेली."

"अन् इतके दिस बसलीच होती की!" आत्याबाई म्हणाल्या. शेजारच्या काकू पदर सावरत उठल्या.

संध्याकाळी हे आले तेव्हा डब्यात दोन ठमाबाई होत्या! दोन्ही तशाच काळ्या, दोन्हींना आठ पाय. एक जिवंत आणि एक नुसती कात. आत्याबाईंनी बराच वेळ निरखून विचारलं, "ह्यातली आपली कोणची?"

ती कात ह्यांना कपाटात ठेवायची होती. आत्याबाईंनी ती लिंबू-मिरचीसोबत दाराला टांगली. तेव्हापासून आमच्याकडं एकही सेल्समन आलेला नाही.

* * *

इथपर्यंत मी सगळं सोसलं. मग शाळेत मीटिंग झाली.

मुख्याध्यापक पोषण आहारावर बोलत होते. सगळीकडं चिडीचूप. आणि माझ्या पर्समधून किर्र, किर्र, किर्र! टपातला एक रातकिडा पर्समध्ये बसून माझ्यासोबत ताडकळसला आला होता.

"फोन सायलेंटवर ठेवा म्हणून किती वेळा सांगायचं?" सर म्हणाले.

"सॉरी सर," म्हणत मी पर्स पोटाशी दाबली. किडा आणखी जोरात! आता काय सांगू? किडा आहे म्हणावं, तर पर्समध्ये किडा का, हे सांगावं लागणार.

शेवटी सरच हताश होऊन म्हणाले, "मॅडम, निदान रिंगटोन तरी बदला."

त्या दिवशी घरी आल्यावर माझा पारा चढलेलाच होता. आणि नेमकं त्याच दिवशी हे म्हणाले, "मी काय म्हणतो, ठमाबाईची पिल्लं काढायची का?"

"किती होतात?"

"शंभर... दोनशे... जास्त बी होत्यात. पण सगळी शफीक नेणार! आपल्याकडं फक्त ठमाबाई."

मी स्पष्ट सांगितलं, "काढा. पण दिवाळीपर्यंत पिल्लांचा पत्ता नसला, तर ठमाबाई, रातकिडे, टप, सगळं शफीकभाईंकडं. परत ह्या घरात असलं काही आणायचं नाही."

ह्यांनी डब्याचं झाकण उगाचच नीट बसवलं. मग म्हणाले, "ठीक हाय."

लेक लातूरला गेला त्या दिवशी बसस्टँडवर असंच म्हणाले होते. माझा जीव तुटला, पण शब्द तोंडातून गेला होता.

* * *

आता लग्न ठरलं म्हणजे आत्याबाई आल्याच! "आखाड लागायच्या आत उरका. आखाडात लग्न लावत न्हाईत," हा पहिला हुकूम.

शफीकभाई पॅसेंजरनं नवरदेव घेऊन आले. प्लास्टिकच्या बरणीत, बरणी छातीशी धरून. नर अंगानं किरकोळ, पायानं लांब. "भाभी, मसुरीच्या डाळीएवढा होता, तवापासून वाढवलाय. जान आहे माझी," ते म्हणाले. मादी वीस-वीस वर्षं जगते, आणि नर वयात आला की काही महिन्यांचाच सोबती, हेही त्यांनीच सांगितलं. ऐकून आत्याबाई नवरदेवाकडं फार मायेनं बघायला लागल्या.

नवरदेव आठवडाभर आमच्याकडंच राहणार होता. शफीकभाईंनी जाताना एकच गोष्ट बजावली. ठमाबाईला पोटभर खाऊ घाला, उपाशी राहिली तर ती नवऱ्यालाच खाते. आता हे ड्युटीवर, मी शाळेत, म्हणून खाऊ घालायचं काम आत्याबाईंकडं. त्यांनी सगळं नीट ऐकून मान हलवली.

लग्नाच्या दिवशी शफीकभाई परत आले. हे आणि ते, दोघं डब्यापाशी टॉर्च घेऊन बसले. शफीकभाईंच्या हातात रंगकामाचा लांब दांड्याचा ब्रश. नवरदेव बरणीतून डब्यात सोडला आणि तेवढ्यात आत्याबाई खोलीत शिरल्या.

"भायेर व्हा! दोघंबी भायेर! नवरा-नवरीवर टॉर्च मारायलेत, काही लाज?"

"काकू, आमाला बघावं लागतं," शफीकभाई काकुळतीला आले. "भांडण लागलं तर हा ब्रश मधी घालायचा असतो."

"द्या इकडं!" आत्याबाईंनी ब्रश हिसकावला, दोघांना बाहेर काढलं आणि दार लावलं. त्या खोलीला मागून दुसरं दार आहे, ते देवघरात निघतं. त्यांची वाती वळायची वेळ होती, त्यामुळं त्या तिकडून देवघरात गेल्या असतील असंच आम्ही धरून चाललो.

हे दोघं ओसरीवर बसले, बायको आत बाळंत होत असताना पुरुष बसतात तसे. मी चहा केला, कुणी घेतला नाही. शेवटी दार उघडलं. आत्याबाई म्हणाल्या, "आटपलं."

दोघं धावले. आटपलं होतं खरंच! डब्यात ठमाबाई ठम्म बसलेली, आणि तिच्यासमोर नवरदेवाचे दोन पाय.

"माय, तिला रातकिडे घातले होते ना?" हे ओरडलेच.

"सगळे घातले की! जावईबापूला."

"अन् ठमाबाईला?"

"लग्न लागायच्या आधी नवरी जेवती व्हय?"

मग जो गोंधळ झाला! हे ओरडतायत, शफीकभाई कपाळाला हात लावून बसलेत, मीही चार शब्द बोलून घेतले. आत्याबाई ओठ मिटून उभ्या. सगळं शांत झाल्यावर त्या आत गेल्या आणि आहेर घेऊन आल्या. जावयाच्या घरचा माणूस रिकाम्या हातानं कसा पाठवायचा? शफीकभाई डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल आणि हातात रिकामी बरणी घेऊन परभणीला गेले.

* * *

आता खरा घोळ इथून पुढं आहे. खाल्लं ते लग्नाच्या आधी की नंतर?

आधी खाल्लं असेल तर पिल्लं होणार नाहीत. नंतर खाल्लं असेल तर होतील. आणि दार बंद होतं! हे आणि शफीकभाई रोज फोनवर एकच वाद घालायचे. ह्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोळी पाळणारे जाणकार आहेत. उरलेल्या दोन पायांचा फोटो बघून एकानं ठामपणे सांगितलं, नंतर. दुसऱ्यानं तोच फोटो बघून तितक्याच ठामपणे सांगितलं, आधी. तिसऱ्यानं हात जोडल्याचं चित्र टाकून भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली.

मी स्टाफरूममध्ये विचारलं. गणिताचे सर डोळे मिटून विचार करून म्हणाले, "फिफ्टी-फिफ्टी." एवढं मलाही येत होतं!

घरात हा विषय निघाला की आत्याबाई उठून देवघरात जायच्या. मला वाटायचं, बिचारीच्या मनाला लागलंय. मी ह्यांना दोनदा दटावलंही, "त्यांच्यासमोर तो विषय काढू नका."

* * *

पावसाळा सरता सरता ठमाबाईनं जेवण सोडलं. मग करवंटीच्या तोंडाला आतून जाळं विणलं आणि पडदा करून घेतला. दिसेनाशी झाली.

"म्हणजे पिल्लं होणार?" मी विचारलं.

"होऊ शकत्यात. न्हाईतर कात टाकणार."

"कात टाकली तर?"

"संपलं. लग्न झालेलं असलं तरी वाया."

"मग दोन्हीतला फरक कसा ओळखायचा?"

"आधी दोन्हीला असंच करत असती," हे म्हणाले आणि बारीक चेहरा करून बसले. असलं कसलं हो हे जनावर? मरायला बसतं, जगायला उताणं पडतं, आणि गरोदर आहे की कपडे बदलायलंय, हे त्याच्या मालकालाही सांगता येत नाही!

आत्याबाईंना मात्र कसलीच शंका नव्हती. त्यांनी मिक्सर बंद करायला लावला. "तिला दणका बसतो." मी शाळेत जायच्या घाईत पाट्यावर चटणी वाटायला लागले. टीव्हीचा आवाज बंद झाला. कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी धावत जाऊन गॅस बंद करायची. माझ्या बाळंतपणात ह्या बाईनं मला सातव्या महिन्यापर्यंत पीठ मळायला लावलं होतं, त्याची मी त्यांना आठवण करून दिली. "तू माणूस हायस," त्या म्हणाल्या.

दिवाळी आली. लेक आला, फराळ झाला, भाऊबीज झाली, लेक परत लातूरला गेला. करवंटीवरचा पडदा तसाच.

* * *

शफीकभाईंना ह्यांनी स्वतःच फोन करून बोलावून घेतलं. मी अटीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. हे उठले, रातकिड्यांच्या टपाला भोकाचं झाकण लावलं, वाटेत खायला त्यात गाजर टाकलं, दोरीनं बांधलं. परत भिंतीकडं बघणं सुरू झालं होतं. मला 'राहू द्या' म्हणावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी पर्समधला तो किडाही आठवत होता. मला नेमकं काय हवंय तेच मला कळेना!

शफीकभाईंनी ठमाबाईचा डबा उचलला आणि निघाले. तर दारात, उंबऱ्यावर, आत्याबाई बसलेल्या.

"काकू, सरका जरा."

"बाळंतीण सव्वा महिना उंबरा वलांडत नसती."

"माय, कोण बाळंतीण?" हे वैतागले. "काही दिसायलंय का तुला?"

"न्हाई दिसत. तुमी बघा."

शफीकभाईंनी डबा खाली ठेवला आणि मोबाइलचा टॉर्च लावला. पडद्याचा एक कोपरा फाटला होता. त्यातून आत बघितलं आणि ते तसेच थांबले. मग ह्यांनी बघितलं. मग मी. ठमाबाईनं पांढरी, लिंबाएवढी गुंडाळी पुढच्या पायांनी छातीशी धरली होती.

"अंडी!" हे म्हणाले आणि फरशीवरच बसले. डोळे पुसायला लागले. मलाही रडू आलं. एका कोळ्यासाठी मी का रडले, ते मला अजून उमगलेलं नाही.

पण शफीकभाई सच्चा माणूस. ते हळूच म्हणाले, "भाभी, खोटं न्हाई बोलणार. कधी कधी नर न लागता बी मादी अंडी देती. ती पोकळ निघत्यात. पिल्लं होत न्हाईत."

ह्यांचा चेहरा पुन्हा उतरला. माझी अट पिल्लांची होती. आम्ही तिघंही त्या गुंडाळीकडं बघत राहिलो, आणि परत तोच प्रश्न. आधी की नंतर?

"पोकळ कशी निघतीन?" आत्याबाई कडाडल्या. "म्या डोळ्यांनी बघितलंय की!"

"काय बघितलं?"

"लग्न लागलेलं!"

"तुम्ही... तुम्ही आत होता?" मी विचारलं.

"मंग? नवरी एकटी सोडत्यात का? पाठराखीण लागती का न्हाई संगं? तिथंच बसून वाती वळल्या की."

हे फरशीवरून उठलेच. "माय, चार महिने आमी डोकं फोडून घ्यायलोत! सांगितलं का न्हाईस?"

"असलं चारचौघात सांगायचं असतंय? अन् इचारलं कोणी मला? दार उघडलं की सगळे वरडायलाच लागले."

मी गुपचूप खाली वाकले, ठमाबाईचा डबा उचलला आणि आत नेऊन तिच्या जागेवर ठेवला. ह्यांनी टपाची दोरी सोडली.

शफीकभाई मात्र दारातच उभे होते. मसुरीच्या डाळीएवढा असल्यापासून वाढवलेला होता हो त्यांनी! त्यांनी हळू आवाजात विचारलं, "काकू, म्हणजे ती त्याला खात होती तवाबी तुमी तिथंच होता?"

"व्हय."

"अन् ब्रश तुमच्या हातात होता?"

"व्हय."

"मंग मधी का न्हाई घातला?"

आत्याबाईंनी उंबऱ्यावरून उठत पदर झटकला आणि म्हणाल्या, "नवरा-बायकोच्या भांडणात मी कशाला पडू, बाबा?"